जावयाचा एसी

आमच्या घरात एसी बसला आणि अडीच तास चालला. त्या अडीच तासांबद्दल मी पुढे कधी कुणाशी धड बोलले नाही. विषय निघालाच तर आम्ही घरातली माणसं तो हसण्यावारी नेतो, आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसते. आता पन्नाशी गाठली, अण्णा गेले, आई गेली, तेव्हा एकदा कागदावर उतरवून टाकावं म्हणून बसले आहे. कुणाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मला तर वाटणारच नाही.

जव्हारच्या लोकांना आपल्या हवेचा कोण गर्व. मुंबईची माणसं गावाबाहेरच्या शिरपामाळावर येतात, वारा खातात, फोटो काढतात, इथे पंखासुद्धा लागत नाही म्हणून एकमेकांना सांगतात आणि उन्हं कलली की गाडीत बसून निघून जातात. त्यांना एकदा भर उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता आमच्या कौलांखाली बसवायला हवं होतं. तरीही त्या काळी गावात घरात एसी लावण्याचं खूळ कुणाच्या डोक्यात नव्हतं. बँकेत एक होता, तो बहुतेक बंदच असे. आणि वीज तरी कुठे होती? भारनियमन आमच्या पाचवीला पुजलेलं. सकाळी अकराला गेली की एकला यायची, तीही अण्णा म्हणत तशी, पाहुण्यासारखी. अशा गावात, अशा घरात एसी आला, तो कुणाला उकडत होतं म्हणून आला नाही. तो जावयासाठी आला.

आमचं घर बाजाराच्या उताराला. पुढच्या अंगाला अण्णांचं कापडाचं दुकान आणि त्याला लागून बैठकीची खोली, हा भाग विटांचा. मागे स्वयंपाकघर आणि आतली खोली, या दोन कुडाच्या. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या एकमेकींना बांधून उभी केलेली आणि दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपलेली भिंत. आमच्या डोंगरात घर म्हटलं की असंच असतं. उन्हाळ्यात त्या भिंतीला पाठ लावून बसलं की गार लागतं, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. पण अण्णांना त्या दोन खोल्यांची लाज वाटायची. वावर-वांगणीकडच्या पाड्यांवरची माणसं सणाच्या आधी लुगडी आणि टॉवेल घ्यायला दुकानात यायची, बराच वेळ कापड चाचपून बघायची. अण्णा त्यांच्याशी गोड बोलायचे आणि ती पायरी उतरली की म्हणायचे, "कुडातली माणसं. ह्यांना कापड काय दाखवायचं?" आम्ही मागच्या खोलीत कुडालाच टेकून बसलेलो असायचो, ते ऐकत. पुढे मी मोखाडा तालुक्यात तलाठी झाले. वादळपावसानंतर पंचनामे करताना 'कुडाची भिंत पडली' हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल, आणि दर वेळी माझा हात त्या शब्दापाशी अडायचा.

माझ्या थोरल्या बहिणीला, शैलाताईला, ठाण्याचं स्थळ सांगून आलं आणि मुलाकडचे घर बघायला येणार असं कळलं, तेव्हा अण्णांनी वांगणीच्या सोमाला बोलावलं. सोमा गवंडीकाम करायचा. अण्णांनी त्याला सांगितलं, कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात ती जाळी कुडावर ठोक आणि वरून सिमेंटचा गिलावा कर, आतून-बाहेरून. सोमाने भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "शेठ, कुडाला सिमिट नाय धरं. दोन-तीन वरसं राहील. मंग पापुद्रा सुटंल." अण्णा म्हणाले, "तुला विचारलं का?" सोमाने निमूट काम केलं. वर गुलाबी डिस्टेंपर लागला. मुलाकडचे आले तेव्हा अण्णांनी त्यांना घर फिरवून दाखवलं आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, "सगळं पक्कं बांधकाम आहे. वीट." त्या दिवसापासून ती भिंत विटेची झाली. आपसात बोलतानासुद्धा आम्ही तिला कूड म्हणत नसू. फक्त तिच्यात कुणी खिळा मारत नसे. कॅलेंडर लाकडी खांबाला, आरसा खांबाला, देवाची तसबीरही खांबाला.

ताईच्या लग्नाला तीन वर्षं होत आली होती. त्या वर्षी ती शिमग्याला चार दिवसांसाठी माहेरी आली आणि परत गेलीच नाही. काय झालं ते सांगत नव्हती. "मला तिथे नाही राहायचं," एवढंच. आईने खोदून विचारलं की उठून मोरीत जायची. अण्णांनी विचारलंच नाही. विचारलं तर उत्तर मिळेल याची त्यांना भीती असावी.

मी तेव्हा बी.ए. होऊन घरी होते आणि तलाठ्याच्या भरतीचा अर्ज भरला होता. ती आतली गुलाबी खोली माझी होती, म्हणजे तिथे एक खाट, एक टेबल आणि माझी पुस्तकं होती. ताई आली ती त्या खाटेवर. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी मोठ्याने पाठांतर करायला लागले की म्हणायची, "मनात वाच ना, सुमे." माझ्या वहीच्या पानांत तिचे केस सापडायचे. शेजारणी तिला भेटायला म्हणून यायच्या, डोळ्यांनी तिचं सगळं अंग तपासायच्या आणि चहाचे कप माझ्या पुस्तकांवर ठेवून जायच्या. मला तिचा वीट आला होता. आणि याहून मोठं एक होतं. एकदा जेवताना अण्णांनी सांगून टाकलं, "मोठी नवऱ्याला सोडून घरात बसलेली असताना धाकटीला नोकरीच्या परीक्षेला ठाण्याला पाठवू? लोक तोंडात शेण घालतील. शैला गेली तर तू परीक्षेला जा. नाहीतर दोघी बसा." आईने माझ्या वाटीत आमटी वाढली. ताई समोरच होती. तिने मान खाली घालून भात कालवला.

त्या जेवणापासून मी ताईच्या जाण्याची वाट बघायला लागले. हे सरळच लिहिते. मला तिची कीव येत नव्हती, तिचा राग येत होता. तीन वर्षं काढलीस, आणखी तीन महिने काढायला काय झालं होतं, असं मला तिच्या पाठीकडे बघून वाटायचं. बहिणी-बहिणींच्या मायेबद्दल कुणी गोड बोलायला लागलं की मी अजूनही उठून दुसऱ्या खोलीत जाते.

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला. म्हणजे धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं, तेहतीस अनारसे आणि दिवा असं वाण त्याच्या हातात द्यायचं. आईला त्यात वाट दिसली. सणाच्या निमित्ताने बोलावू, मान राखू, खुशीत असताना ताईला त्याच्यासोबत धाडून देऊ. अण्णांनी दुकानातून फोन केला. आमचे भावोजी, विलासराव, ठाण्यात फ्रिज-एसीच्या दुकानात कामाला होते. ते म्हणाले, "येतो की. पण तुमच्याकडे दुपारी माणूस भाजून निघतो. आतल्या खोलीत एसी बसवून घ्या. दुकानातून मीच घेऊन येतो, बसवणारा माणूसही आणतो. त्याच गाडीने शैलाला नेतो." अण्णांनी फोन ठेवला आणि आम्हाला येऊन सांगितलं ते अशा चेहऱ्याने, की जणू भावोजी एसी भेट देणार होते. तो अण्णांच्याच खर्चाने येत होता. कौलांखाली एसी लावणं म्हणजे गारवा आभाळाला वाटणं, म्हणून सुताराकडून वाशांना प्लायवूडचं छतही मारून घेतलं. लाकडावर लाकूड, ते नीट बसलं. भिंतीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

चार दिवस घरात अनारशांचं चाललं होतं. तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवायचे, उखळात कांडायचे, गूळ घालून पीठ मुरत ठेवायचं. आई कढईपाशी घामाने निथळत बसायची. तुपात जाळी पडली की "आला, आला" असं पुटपुटायची आणि एखादा विरघळला की स्वतःला शिव्या घालायची. कांडायला ताई होती. कुणी तिला सांगितलं नव्हतं, ती आपणहून उठली आणि मुसळ घेतलं. ज्या माणसाकडे जायचं नाही त्याच्याच वाणाचं पीठ ती कांडत होती, आणि ते धबधब ऐकत मी आतल्या खोलीत जमीन महसुलाचे नियम पाठ करत होते. निदान ती खाटेवरून उठली, एवढंच मला वाटलं.

ठरल्या दिवशी सकाळी नऊलाच जीप दारात उभी राहिली. टपावर दोन मोठे खोके दोरीने बांधलेले. बाजारातली माणसं थांबून बघायला लागली आणि अण्णांची छाती फुगली. भावोजी उतरले. दिसायला वाईट नव्हते. हसरे होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण असली माणसं कपाळावर लिहून येतात असं लोकांना वाटतं. त्यांनी आईच्या पाया पडून घेतलं, ताईला सगळ्यांसमोर विचारलं, "बरी आहेस ना?" आणि उत्तराची वाट न बघता माझ्याकडे वळून म्हणाले, "काय मग तलाठीणबाई, चाललाय का अभ्यास?" मी हसले. मला ते हसणं अजून आठवतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

एसी बसवायला आलेला माणूस भिवंडीचा, शकील नावाचा. चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याला हाताखाली कुणी नव्हतं, म्हणून शिडी धरायला मला उभं केलं. त्याने आतल्या खोलीच्या भिंतीवर बोटांच्या पेरांनी ठोकून बघितलं. बद्द आवाज आला. पुन्हा ठोकलं. मग अण्णांना म्हणाला, "सेठ, दीवार कायची आहे? ईंट ना?"

"वीट. पक्की," अण्णा म्हणाले.

भावोजी दारात चहा पीत उभे होते. "अरे शकील, मी घर बघून मुलगी केलीय," ते म्हणाले आणि अण्णांना घेऊन बैठकीच्या खोलीत गेले.

शकीलने ड्रिल लावलं. आधी करडी भुकटी पडली. मग ड्रिल एकदम आत गेलं, लोण्यात सुरी जावी तसं, आणि तांबडी माती पडायला लागली. मातीत भुसा. भुशात कारवीची एक ढलपी. त्याने यंत्र बंद केलं, खाली उतरला, ती ढलपी तळहातावर घेतली आणि माझ्यासमोर धरली. खोलीत आम्ही दोघंच होतो.

"बेटी, ये ईंट नहीं है," तो हळू आवाजात म्हणाला. "खरं सांग. आतलं मशीन हलकं आहे, ते राहील कसंतरी. पण बाहेरची पेटी याच भिंतीला मागून टांगायची आहे. चाळीस किलोच्या घरात जाते. चालू झाली की थरथरते. वीट नसेल तर मी खाली जमिनीवर ठेवतो. पाइप थोडा जास्त लागेल, बस. मी साहेबांना सांगतो तसं."

एवढंच होतं. चार हात जास्त पाइप. पण त्यासाठी त्याने भावोजींना सांगायला हवं होतं, की तुमच्या सासऱ्याच्या घराची भिंत कुडाची आहे. मी शिडीला धरून उभी होते आणि माझ्या डोक्यात सगळं भराभर फिरत होतं. भावोजींना खोटं कळणार, त्यांना आयतं निमित्त मिळणार, जीप ताईशिवाय परत जाणार, ताई पुन्हा त्या खाटेवर, आणि मी जन्मभर दुकानात टॉवेलांच्या घड्या घालत.

"वीटच आहे," मी म्हणाले. "जुनी वीट, मातीत रचलेली. तो भुसा मातीतला."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली नाही. अण्णांची मुलगी होते. "ठीक है. आपका घर है," तो म्हणाला आणि पिशवीतून लांब बोल्ट काढायला लागला.

अकराला वीज गेली तोवर त्याची भोकं पाडून झाली होती. मग त्याने आतली पट्टी बसवली, तांब्याचे पाइप जोडले आणि मागच्या परसात, धुण्याच्या दगडाच्या बरोबर वर, लोखंडी कोन ठोकून ती पेटी चढवली. चढवताना अण्णा आणि जीपचा ड्रायव्हर दोघांनी हात दिला. अण्णा भिंतीकडे बघत नव्हते. पेटी बसल्यावर त्यांनी हात झटकले आणि म्हणाले, "झालं. भक्कम."

आत पंगत बसली. धोंडे, कटाची आमटी, आमरस, कुरडया. आईने भावोजींना ओवाळलं, तेहतीस अनारशांचं ताट दिव्यासकट त्यांच्या हातात दिलं. एकला वीज आली आणि एसी सुरू झाला. खरं सांगायचं तर मलाही ती पहिली गार झुळूक आवडली. शेजारच्या पाच-सहा बायका बघायला आल्या, भिंतीला टेकून सतरंजीवर बसल्या आणि पदर अंगाभोवती घट्ट लपेटून कुडकुडल्याचं नाटक करायला लागल्या. अण्णांनी दुकानातली नवी शाल काढून पांघरली. भर उन्हाळ्यात. भावोजी माझ्या खाटेवर आडवे झाले, पायावर पाय टाकून. "चारला निघू," ते छताकडे बघत म्हणाले. आईने ताईची पिशवी आधीच भरून दाराशी ठेवली होती.

मी खरकटी भांडी घेऊन मागे परसात गेले. ताई दगडापाशी घासायला बसायची सोडून उभी होती. वरच्या पेटीतून गरम वारा येत होता, भट्टीचं दार उघडल्यासारखा, आणि ती त्या वाऱ्यात तोंड वर करून उभी होती. केसांच्या बटा मागे उडत होत्या. मी म्हटलं, "बाजूला हो ना, किती गरम आहे." ती हलली नाही.

"सुमे, हाच वारा," ती म्हणाली. "त्यांना रविवारी सुट्टी असते. दुपारचं जेवण मनासारखं झालं नाही की म्हणतात, गॅलरीत जा. मी गेले की काचेचं दार आतून लावून घेतात आणि एसी लावून झोपतात. गॅलरी ती केवढी, त्यात ही पेटी. कुठेही उभं राहिलं तरी वारा अंगावर येतो. त्यांची झोप होईस्तोवर. समोरच्या बिल्डिंगमधली माणसं बघतात. मी वाळत घातलेले कपडे सारखे करत राहते, म्हणजे काहीतरी करतेय असं दिसतं."

"मारतात?"

"नाही गं. कधी हात नाही लावला. म्हणून तर. आईला काय सांगू? गॅलरीत उभी करतात म्हणून नवरा सोडला, असं सांगू?" मग ती माझ्याकडे वळली. माझा हात धरला. तिचा हात राखेने भरलेला होता. "तू अण्णांना सांग. तुझं ऐकतात ते. आज नका पाठवू म्हणावं."

आमच्या घरात अण्णा कुणाचंच ऐकत नसत, पण माझं त्यातल्या त्यात. मी सांगू शकले असते. भिंतीचंही सांगू शकले असते, तिथल्या तिथे, मशीन बंद करा म्हणून. माझ्या तोंडून निघालं ते असं: "गाडी चारला निघायची आहे. भांडी मी घासते. तू जा, साडी बदल."

तिने हात सोडला. मग हात धुऊन आत गेली.

मी दगडावर बसून भांडी घासली. गरम वारा डोक्यावर येत होता. मान वर केली तेव्हा दिसलं, की वरच्या बोल्टपासून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत गिलाव्यात एक बारीक रेघ गेली आहे. भांडी निथळत ठेवेपर्यंत ती रेघ बोटभर रुंद झाली होती आणि गिलावा पोट सुटल्यासारखा पुढे आला होता. मी काय केलं? भांड्यांची टोपली उचलली आणि आत येऊन फळीवर मांडायला लागले. फक्त चार वाजू देत, एवढं एकच मनात होतं.

साडेतीनला ती पडली. आधी फाटल्यासारखा आवाज, मग दगडावर लोखंड आदळल्याचा. पाठोपाठ पाइपातून सुटलेल्या गॅसची शिट्टी. खोलीतलं मशीनही खेचलं जाऊन भिंतीवर तिरकं लटकलं आणि बायका किंचाळत बाहेर पळाल्या. सगळे परसात धावलो. धुण्याचा दगड मधोमध फुटला होता. पेटी उताणी पडली होती आणि वर गुलाबी गिलाव्याचा मोठा तुकडा जाळीसकट लोंबत होता. त्याच्या मागे कारवीच्या काठ्या, एकीला लागून एक, नीट बांधलेल्या. तीन वर्षं झाकून ठेवलेली भिंत उजेडात बरी दिसत होती. शेजारच्या बायका बघत होत्या. त्यांच्या घरी अशाच भिंती होत्या, आणि त्यांनी त्या कधी झाकल्या नव्हत्या.

भावोजी बनियनवर, अनवाणी आले होते. त्यांनी एक काठी बोटाने दाबून बघितली. "सासरेबुवा, ही तुमची वीट?"

अण्णांच्या खांद्यावर अजून शाल होती. मग भावोजी शकीलकडे वळले, "आणि तुला कळलं नाही?"

"मी विचारलं होतं, साहब," शकील शांतपणे म्हणाला. "दोनदा. पहिल्यांदा सेठ बोलले ईंट. मग मला आत लकडी लागली, तर मी या मुलीला विचारलं. ती पण बोलली ईंट. मी तिला सांगितलं होतं, नसेल तर खाली ठेवतो."

अण्णांचा चेहरा एकदम मोकळा झाला. ते माझ्याकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सुमे, त्याने एवढं विचारलं आणि तू खोटं सांगितलंस? अगं, कूड आहे म्हणून सांगायला काय झालं होतं तुला?" तीन वर्षांत तो शब्द मी त्यांच्या तोंडून आमच्या घरासाठी पहिल्यांदा ऐकला.

भावोजी जोरात हसले. माणूस चिडला असता तर बरं झालं असतं. पण त्यांना आता जन्मभर पुरेल एवढं मिळालं होतं आणि ते त्यांनाही कळलं होतं. "जाऊ द्या हो," ते अण्णांच्या पाठीवर थोपटत म्हणाले. "फसवून दिलेली असली तरी बायको आहे. टाकून थोडीच देणार? नेतो मी." अण्णांनी हात जोडले. खरोखर जोडले, जावयासमोर, सगळ्या आळीदेखत. आई अनारशांचा डबा घ्यायला आत पळाली.

ताई मागच्या दारात उभी होती. साडी बदललेली, कुंकू लावलेलं. तिने भिंतीकडे बघितलं नाही, नवऱ्याकडे नाही, अण्णांकडे नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी वीट का म्हणाले असेन, हे त्या परसात फक्त तिला कळलं होतं. मला वाटलं आता ओरडेल, अंगावर येईल. मी वाट बघत होते त्याची. तिने आत जाऊन आपली पिशवी स्वतः उचलली आणि कुणी म्हणायच्या आधी जीपमध्ये जाऊन बसली.

मी जीपपाशी गेले. का गेले माहीत नाही. इंजिन सुरू झालं होतं. ती म्हणाली, "पेपर कधी आहे तुझा?"

"पुढच्या रविवारी."

"नीट दे. ठाण्यालाच आहे ना? इतक्या लांबून जाऊन-येऊन दमशील. माझ्याकडे उतर. जेवायला करून ठेवते." हा टोमणा नव्हता. तिला टोमणे मारता येतच नसत. ती धाकट्या बहिणीला जेवायला बोलवत होती, बस.

सोमा पुढच्या आठवड्यात आला, सिमेंट खरवडून काढलं आणि कूड पुन्हा मातीने लिंपला. अण्णा त्या वेळी दुकानातून उठले नाहीत. ताई अजून ठाण्यालाच असते. सणासुदीला फोन करते, तब्येत विचारते, जव्हारला पाऊस कसा आहे ते विचारते. त्या दुपारबद्दल तिने एका शब्दाने कधी विचारलेलं नाही.

त्या रविवारी मी पहाटेच्या गाडीने ठाण्याला गेले. परीक्षा एका शाळेत होती. पेपर फार चांगला गेला. एक वाजता सुटला. ताईचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर होतं, आणि ती सकाळपासून माझी वाट बघत असणार हे मला माहीत होतं. जेवण भावोजींच्या मनासारखं झालं नसेल तर त्या वेळी ती कुठे उभी असेल, हेही माहीत होतं. मी रिक्षा केली आणि सरळ एसटी स्टँड गाठला.